पलटणीचे फादर आणि वळिवड्याची मुले

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कधीच गेलेलं नाही, असं कुटुंब सातारा-सांगली भागात शोधावंच लागेल. घाऊक कापडाची ही पेठ सगळ्यांच्या ओळखीची. पण या पेठेच्या जागी पूर्वी एक परदेशी गाव वसलं होतं, हे तिथून पिशव्या भरून परतणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे गावाच्या शिवारात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यासाठी ओळीनं बराकी बांधल्या होत्या. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकासाठी रंगमंचसुद्धा होता. ही माणसं निघून गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकी मिळाल्या आणि त्यातून आजचं गांधीनगर उभं राहिलं. एका निर्वासितानं रिकामी केलेल्या खोलीत दुसऱ्या निर्वासितानं बिऱ्हाड मांडलं, असा हा प्रकार.

वळिवड्याच्या छावणीची हकिकत आता अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा शहरातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हाही ती आली होती. मला आज त्या हकिकतीतल्या एका माणसाविषयी बोलायचं आहे. फादर फ्रान्चिशेक प्लुता हे त्यांचं नाव. कॅथलिक धर्मगुरू आणि पोलिश सैन्यातले पाद्री. त्यांनी गुजरातेत सांभाळलेली मुलं १९४६ साली वळिवड्याला आली आणि या मुलांच्याच पायी मायदेशातल्या नव्या राजवटीनं फादरांवर मुलं पळवल्याचा शिक्का मारला, तोही आंतरराष्ट्रीय पातळीवरचा. धर्मगुरूच्या वाट्याला असा आळ का यावा, हे समजून घ्यायचं तर पलटणीत पाद्री असतो कशाला, इथून सुरुवात करावी लागेल.

फौजी घरांना हे निराळं सांगायला नको. ज्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ज्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, तिथल्या घरांना पलटणीतले 'पंडितजी' ठाऊक असतात. पलटणीच्या मंदिरातली पूजा, आरती, सणवार ते बघतात. पण ते बाहेरून बोलावलेले भटजी नसतात. आपल्या भूदलात 'धर्मशिक्षक' असं एक पदच आहे. शीख जवानांसाठी ग्रंथी, मुसलमान जवानांसाठी मौलवी, लडाख स्काउट्ससाठी बौद्ध भिक्खू आणि ख्रिस्ती जवानांसाठी पाद्रे. हे सगळे नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर भरती होतात. पाद्रे होण्यासाठी धर्मगुरुपदाची रीतसर दीक्षा झालेली असावी लागते आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत नाव असावं लागतं. भरती झालेल्या या मंडळींना लष्कर पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत पाठवतं. तिथं पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्रे एकत्र शिकतात, एकमेकांच्या धर्मातल्या रीती समजून घेतात. सीमेवरच्या चौकीत सगळ्या धर्मांचे जवान असतात आणि धर्मशिक्षक मात्र एखादाच. मग 'सर्वधर्मस्थळ' नावाच्या एकाच छपराखाली त्यालाच सगळ्यांचं बघावं लागतं.

'पाद्री' हा शब्दही आपल्याच किनाऱ्यानं जगाला वाटला, म्हटलं तर चालेल. पोर्तुगीज भाषेत 'पाद्रे' म्हणजे बाप. पोर्तुगीजांकडून तो आपल्या भाषांत आला, इथल्या गोऱ्या शिपायांनी तो उचलला आणि आज जगभरचं ब्रिटिश सैन्य आपल्या धर्मगुरूला 'पाद्रे' म्हणूनच हाक मारतं. कागदोपत्री शब्द आहे 'चॅप्लिन'. त्याची गोष्ट चौथ्या शतकातल्या मार्टिन नावाच्या रोमन सैनिकापर्यंत जाते. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून मार्टिननं आपला झगा तलवारीनं कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी परंपरा सांगते. पुढे फ्रान्सचे राजे त्या झग्याचा तुकडा पवित्र म्हणून लढाईवर बरोबर नेत. लॅटिनमध्ये झग्याला 'काप्पा' म्हणतात. त्यावरून तो झगा सांभाळणाऱ्या धर्मगुरूंना नाव पडलं आणि त्याचंच रूप पुढे चॅप्लिन झालं.

आपल्याकडे कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत आयरिश शिपाई पुष्कळ होते आणि आयरिश म्हणजे बहुतेक कॅथलिक. पुण्याचं सेंट पॅट्रिक चर्च १८५० साली उभं राहिलं ते अशाच आयरिश शिपायांच्या पगारातल्या वर्गणीतून. महाराष्ट्राच्या घाटावर छावण्यांच्या मागोमाग कॅथलिक धर्मगुरू आले, त्याला हेही एक कारण.

पलटणीतला कॅथलिक पाद्री नेमकं करतो काय? रविवारी मिस्सा अर्पण करतो, हे झालंच. मिस्सेचं सगळं साहित्य एका पेटीत मावतं आणि जीपचं बॉनेट किंवा दारूगोळ्याची खोकी हीच त्याची वेदी. लढाईच्या आदल्या रात्री पापनिवेदन ऐकायचं. रांग मोठी असेल आणि वेळ थोडा, तर सगळ्यांना एकदम पापक्षमा द्यायची, अशी सोय चर्चनंच करून ठेवली आहे. मरणाच्या दारातल्या जखमी शिपायाला पवित्र तेल लावायचं. मेलेल्याला मूठमाती द्यायची, कबरीची जागा टिपून ठेवायची. आणि त्यानंतरचं काम सगळ्यांत अवघड : त्याच्या घरी पत्र लिहायचं.

या माणसाचं स्थान मोठं चमत्कारिक असतं. त्याच्या खांद्यावर हुद्दा असतो, पण त्याच्या हाताखाली कुणी नसतं. ब्रिटिश सैन्यातला चौथ्या श्रेणीचा चॅप्लिन कॅप्टनच्या बरोबरीचा, तरी त्यानं कुणाला हुकूम सोडायचा नसतो. तो शस्त्र चालवत नाही. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारापासून त्याला डॉक्टर-नर्सच्या रांगेत बसवलं आहे. १९४९ च्या करारांप्रमाणे तर शत्रूच्या हाती सापडला तरी तो युद्धकैदी ठरत नाही. कैद्यांची सेवा करता यावी म्हणून त्याला फक्त ठेवून घेता येतं. शिपायानं पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट तो कर्नललाही सांगू शकत नाही. थोडक्यात, सत्तेच्या उतरंडीत उभा राहून सत्ता न वापरण्याचं हे काम आहे. फादर प्लुतांना ते तसं ठेवता आलं नाही, आणि त्यांच्या कथेतला पेच नेमका हा आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलरनं पोलंडवर हल्ला केला, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं स्टॅलिनचं सैन्य आत शिरलं, हे बऱ्याचदा राहून जातं. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पहिली मोठी हद्दपारी झाली. दारावर थाप पडायची, थोड्या वेळात सामान बांधायचं आणि मालगाडीच्या डब्यात चढायचं. सैबेरिया, कझाकस्तान, आर्खांगेल्स्कची जंगलं. १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत असे चार मोठे फेरे झाले आणि लाखो माणसं गेली. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या बायका, आणि त्यांच्याबरोबर मुलं.

मग हिटलर रशियावरच उलटला. जुलै १९४१ मध्ये लंडनमधलं पोलिश सरकार आणि स्टॅलिन यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश लोकांना 'माफी' मिळाली (गुन्हा कोणता, ते कधी कुणी सांगितलं नाही) आणि त्यांच्यातून जनरल आन्डर्स यांच्या हाताखाली सैन्य उभारायचं ठरलं. ही बातमी ऐकून जंगलातून, खाणींतून, सामुदायिक शेतांवरून माणसं दक्षिणेकडे चालत सुटली. उझबेकिस्तानात सैन्याच्या तंबूंभोवती बायका-मुलांची गर्दी झाली. जवान आपल्या शिध्यातला वाटा त्यांना देत. पण टायफस आणि हगवण यांच्यापुढे शिधा काय करणार? गुझारसारख्या ठिकाणी माणसं रोज मरत होती. तिथल्या पलटणीच्या पाद्रींचं पहिलं काम होतं दफनाचं. दुसरं काम, ज्यांचे आईबाप नुकतेच पुरले त्या मुलांचं काय करायचं, ते बघायचं.

पोलिश सैन्याचे बिशप युझेफ गावलिना १९४२ साली स्वतः तिथं जाऊन आले. त्याच वर्षी दोन खेपांत सुमारे १ लाख १५ हजार माणसं, म्हणजे सैनिक आणि त्यांच्या आसऱ्यानं आलेली कुटुंबं, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. मुलांचा एक ओघ मात्र वेगळ्या वाटेनं आला. अश्गाबातहून मालमोटारींत बसवून, मशहदवरून वाळवंटातून क्वेट्ट्याकडे आणि तिथून मुंबईला. या अनाथ मुलांबरोबर हिंदुस्थानात आलेल्यांत फादर प्लुता होते.

मुलांना जागा दिली नवानगरच्या, म्हणजे आजच्या जामनगरच्या, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी. हे जामसाहेब त्या वेळी नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते. समुद्रकाठच्या बालाचडी गावाजवळ त्यांनी छावणी बांधून दिली. तुम्ही अनाथ नाही, आता मीच तुमचा बापू, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवलं. पोरांना पालक आवडेना. रोजच्या पालकाविरुद्ध त्यांनी संप केला, तेव्हा महाराजांनी स्वयंपाकघरातून पालक कायमचा हद्दपार केला, ही आठवणही त्यांनीच सांगितलेली. हद्दपारीचं एवढं एकच फर्मान त्या पोरांना आवडलं असेल.

या छावणीचे कमांडंट नेमले गेले फादर प्लुता. हुकूम न सोडणाऱ्या माणसाच्या हाती आता शेकडो मुलांचं उठणं, जेवणं, शिकणं, आजारपण, शिक्षा, सगळं आलं. सकाळची प्रार्थना तेच सांगणार आणि रात्री दिवे मालवायचा हुकूमही त्यांचाच. पापक्षमा देणारा आणि कान पिळणारा एकच. असा माणूस सगळ्यांना प्रिय होणं अवघडच. पण मला वाटतं, पलटणीत पाद्रीचं जे काम आहे त्याचंच हे उरलेलं टोक होतं. शिपायाला मूठमाती देऊन पाद्री पत्र लिहितो ते घरी. इथं घरच उरलं नव्हतं. पत्र ज्यांना लिहायचं, ती मुलं समोर उभी होती.

आता आपल्या भागाकडे येऊ. वळिवड्याची छावणी जून १९४३ मध्ये सुरू झाली. इराणातून कराचीमार्गे आलेल्या कुटुंबांना राहायला दीर्घ मुदतीची जागा हवी होती आणि कोल्हापूरजवळची ही जागा हवा-पाण्याला बरी ठरली. मुंबईकडून कोल्हापूरला यायचं तर पुण्यापुढे तेव्हा मीटरगेजची गाडी होती. सातारा रोड, कराड, किर्लोस्करवाडी करत मिरजेला यायचं आणि तिथून कोल्हापूर फाट्यावर वळायचं. गंमत अशी की, याच जून महिन्यात याच लोहमार्गावर शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची गाडी लुटली होती. सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीचा बराच भाग धरून, नाना पाटलांच्या पत्रीसरकारचा अंमल वाढत होता. इंग्रजाला घालवण्यासाठी जीव धोक्यात घालणारी माणसं आणि इंग्रजाच्या आधारानं जीव वाचवून आलेली माणसं एकाच रेल्वेच्या दोन्ही अंगांना होती.

आणि तिसरी गोष्ट. याच गावांतली पोरं त्या वेळी इंग्रजांच्या फौजेतून इटलीत लढत होती. तिथं डोंगरावरचा मोन्ते कासिनोचा मठ घेण्यासाठी १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजननं धडका दिल्या. तो अखेर १८ मे रोजी घेतला आन्डर्स यांच्या पोलिश सैनिकांनी. पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या लढाईत आठवी भारतीय डिव्हिजन आणि पोलिश कोअर एकाच मोहिमेत होत्या. मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ९ एप्रिलला, याच लढाईत. म्हणजे वळिवड्यात पोस्टमनची वाट पाहणाऱ्या बाईचा नवरा आणि कराड-तासगावकडच्या एखाद्या घरचा कर्ता मुलगा एकाच आघाडीवर असण्याचा संभव होता. दोन्ही घरी येणाऱ्या तारेची भीती सारखीच.

सातारा जिल्ह्याचा या कथेशी आणखी एक धागा आहे, पाचगणीचा. सैबेरियाची थंडी आणि उपासमार यांनी कित्येक मुलांची छाती पोखरली होती. क्षयावर खात्रीचं औषध तेव्हा हाताशी नव्हतं. मोकळी हवा, अंडी-दूध आणि विश्रांती हाच उपचार. अशा मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी पाचगणीला पोलिश आरोग्यकेंद्र चालवलं गेलं. काही पोलिश मुली पाचगणीच्या शाळेतही शिकल्या.

१९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली मुलं वळिवड्याला आणली गेली. आज बालाचडीच्या त्या जागेवर सैनिक स्कूल आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल सातारचं, जून १९६१ चं. बालाचडीचं त्याच वर्षी स्थापन झालेलं. दोन्हीकडे कोवळ्या वयाची मुलं घरापासून दूर राहून शिकतात. एवढंच साम्य, पण मला ते लक्षात राहतं.

मुलं वळिवड्याला आली तोवर पोलंडचं चित्र बदललं होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांची बैठक झाली. पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहणार, हे तिथं पक्कं झालं. ५ जुलै १९४५ ला इंग्लंडनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या, रशियाच्या पाठबळावरच्या सरकारला दिली. छावणीतल्या माणसांच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या गावातून त्यांना उचललं ते गाव आता पोलंडमध्येच नव्हतं. मायदेशी परत जा, असं त्यांना सांगितलं जाऊ लागलं. कोणत्या?

मोठी माणसं स्वतःपुरता निर्णय घेऊ शकत होती. अनाथ मुलांचं काय? वॉर्सा सरकारचं म्हणणं होतं : ही पोलंडची मुलं, ती पोलंडला मिळाली पाहिजेत. हे म्हणणं ऐकताच झटकून टाकावं असं नव्हतं. युद्धात त्या देशानं सुमारे साठ लाख नागरिक गमावले होते, त्यातले निम्मे ज्यू. देश उभा करायला त्याला आपली मुलं हवी होती. काही मुलांचे नातेवाईक पोलंडमध्ये जिवंत असण्याचीही शक्यता होती.

फादर प्लुतांनी दुसरी बाजू घेतली. ज्या सत्तेनं या मुलांचे आईबाप मालगाड्यांत घातले, तिच्याच छायेतल्या सरकारकडे त्यांना सोपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. यात त्यांना साथ दिली जामसाहेबांनी आणि छावणीचे ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी. या तिघांनी मिळून मुलांना कायद्यानं दत्तक घेतलं. एक हिंदू राजा, एक इंग्रज अधिकारी आणि एक अविवाहित कॅथलिक पाद्री. इतक्या मुलांचे असे तीन बाप जगात दुसरीकडे कुठं झाले असतील, असं वाटत नाही. अनाथ म्हणून मुलांना परत पाठवण्याचा मार्ग त्यामुळं अडला, कारण कागदावर ती आता अनाथच नव्हती. पुढे प्लुतांच्या खटपटीनं मुलांचा एक गट अमेरिकेतल्या कॅथलिक संस्थांकडे गेला. त्यावरून पोलंडच्या साम्यवादी राजवटीनं त्यांना 'आंतरराष्ट्रीय अपहरणकर्ता' ठरवलं.

हा आरोप अन्यायाचा होता, असं माझं मत आहे. अपहरण करणारा मुलाला त्याच्या माणसांपासून तोडतो. इथं सांभाळणारा हाच त्यांचा माणूस होता, आणि कागदही रीतसर होते. पण म्हणून फादरांचा निर्णय सोपा होता किंवा त्याला दुसरी बाजू नव्हती, असं मी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलानं कोणत्या देशाचं व्हायचं, कोणती भाषा बोलत म्हातारं व्हायचं, हे दुसऱ्या कुणी ठरवणं ही लहान गोष्ट नाही. शिवाय सगळी मुलं अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेली नाहीत. काही पोलंडला परतली, तिथं शिकली, संसार केले. बालाचडी आणि वळिवड्याच्या आठवणींची पुस्तकंही लिहिली. साम्यवादी काळात त्यांना जपून बोलावं लागलं, तरी त्यांचं आयुष्य वाया गेलं असं त्यांनी कधी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढे परतलेले आणि न परतलेले, दोन्हीकडचे लोक '१९४२-१९४८ मधले हिंदुस्थानातले पोलिश' या नावानं एका संघटनेत एकत्र आले. त्यांनी १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला. २०१९ साली त्यांतले काही वृद्ध वळिवड्याला येऊन जुन्या खुणा शोधून गेले.

प्लुतांचा निर्णय समजायचा असेल तर त्यांच्यासारख्या इतर पाद्रींचं काय झालं, हे माहीत असावं लागतं. सप्टेंबर १९३९ मध्ये रशियाच्या हाती सापडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांना तीन छावण्यांत ठेवलं होतं. त्यांच्याबरोबर पलटणीचे धर्मगुरूही होते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट, शिवाय पोलिश सैन्याचे प्रमुख ज्यू धर्मगुरू बारूख श्टाइनबर्ग. छावणीत प्रार्थनेला बंदी, तरी हे लोक अंधारात कुजबुजत्या आवाजात ती चालवत. १९३९ च्या नाताळच्या सुमारास रशियनांनी धर्मगुरूंना वेगळं काढून नेलं. कोझेल्स्कच्या छावणीत मेजर फादर यान झ्युवकोव्स्की तेवढे मागे राहिले. ते त्या वेळी शिक्षा म्हणून अंधारकोठडीत होते, म्हणून. मग पुढचे तीन-चार महिने ते एकटेच तिथल्या हजारो कैद्यांचे पाद्री. ५ मार्च १९४० ला मॉस्कोहून हुकूम निघाला आणि त्या वसंत ऋतूत जवळजवळ २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून पुरण्यात आलं. कोझेल्स्कचे कैदी मारले गेले ते कातिनच्या जंगलात. त्यांत फादर झ्युवकोव्स्कीही होते. श्टाइनबर्गही वाचले नाहीत. जिनिव्हा करारातलं धर्मगुरूंचं संरक्षण तिथं कागदावरच राहिलं.

तीन छावण्यांतून जिवंत राहिले जेमतेम चारशे. त्यांत कोझेल्स्कचा एक तरुण घोडदळ अधिकारी होता, झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. जन्म १९१८ चा. तो आन्डर्स यांच्या सैन्यात गेला आणि तिथून त्याला पाठवलं गेलं थेट वळिवड्याला, मुलांच्या स्काउट पथकांचा प्रमुख म्हणून. पंचगंगेच्या काठच्या त्या छावणीत खाकी पोशाखातली पोलिश पोरं संचलन करायची, शेकोटीभोवती गाणी म्हणायची, ती या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. छावणी सुरू होण्याआधी दोनच महिने, एप्रिल १९४३ मध्ये, कातिनची कबरस्ताने सापडल्याची बातमी जगभर झाली होती. ज्या बायकांना १९४० च्या वसंतापासून नवऱ्याचं पत्र आलेलं नव्हतं, अशा काही वळिवड्यातही होत्या. त्यांच्या नवऱ्यांबरोबर एकाच छावणीत राहिलेला आणि वाचलेला माणूस त्यांच्याच मुलांना गाठी बांधायला आणि नकाशा वाचायला शिकवत होता. त्यांनी त्याला काय विचारलं असेल आणि त्यानं काय सांगितलं असेल, याचा विचार करवत नाही. ते शिपायाचं काम नव्हतंच. ते पाद्रीचं काम होतं, आणि ते त्याच्या गळ्यात दीक्षेआधीच पडलं होतं.

युद्धानंतर पेश्कोव्स्की इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेला गेले. मिशिगनमधल्या ऑर्चर्ड लेकच्या पोलिश सेमिनरीत शिकून १९५४ साली त्यांनी कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. सैनिकाचा पाद्री झाला. पाद्रीचा कमांडंट झालेले प्लुता आणि हे पेश्कोव्स्की, दोघांचे रस्ते आपल्या पंचगंगेच्या परिसरानं पाहिले, एकाचा त्याच्या मुलांमुळे, दुसऱ्याचा प्रत्यक्ष. पेश्कोव्स्की जगभरच्या पोलिश स्काउटांचे धर्मगुरू झाले आणि पुढे कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांचे.

कातिनची हत्या आपली नव्हेच, असं रशिया पन्नास वर्षं सांगत होता. एप्रिल १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीत ती कबुली आली. १९९१ साली खारकीव्ह आणि मेद्नोये इथले खड्डे उघडले, तेव्हा फादर पेश्कोव्स्की तिथं उभे होते. वय त्र्याहत्तर. मातीतून निघालेल्या एकेका कवटीला ते आपल्या जपमाळेचा स्पर्श करत होते. पुढे कातिनमध्येही उत्खनन झालं, तिथंही ते गेले. वाचलेल्यांपैकी धर्मगुरू झालेला हा माणूस, आपल्या सोबत्यांची राहिलेली मूठमाती अर्ध्या शतकानंतर देत होता. ८ ऑक्टोबर २००७ रोजी वॉर्सात त्यांचं निधन झालं.